बंब, बादली आणि बॉयलर

तर मंडळी, या शनिवारचा विषय आहे बॉयलर. हसू नका! इंग्लंडात घर घेतलेल्या कुठल्याही मराठी माणसाला एकट्यात गाठून विचारा. घराच्या हप्त्यापेक्षा बॉयलरने त्याची झोप जास्त उडवलेली असते. मीही त्यातलाच. फरक इतकाच की माझी झोप जरा उशिरा उडाली, आणि ती उडवली एका बादलीने.

आधी घराची ओळख. रेडिंगमध्ये लाल विटांच्या जुन्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत, त्यातलं एक आमचं. याला इथे टेरेस हाऊस म्हणतात (गच्चीचा काहीही संबंध नाही, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हीही फसलो होतो). तळमजल्यावर हॉल आणि मागे स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर दोन बेडरूम आणि एक बाथरूम. त्याच्यावर छपराखालचा माळा. आधीच्या मालकाने २०१४ साली माळ्यावर खोली काढली आणि शेजारी छोटंसं न्हाणीघर बसवलं. बॉयलर मात्र २००८ चाच, स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर टांगलेला, २४ किलोवॅटचा. म्हणजे फीचर वाढवलं, सर्व्हर जुनाच. आपल्या धंद्यात हे नवीन नाही.

घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि हिवाळ्याचे सहा महिने आई. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी तेवढेच मिळतात. आईची खोली माळ्यावरची. 'वर शांत असतं, खिडकीतून आभाळ दिसतं,' असं ती म्हणाली होती आणि आम्ही ते खरं मानलं होतं.

२०२४ ची नरकचतुर्दशी. आईने पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवलं. साताऱ्याहून आणलेलं उटणं, कोमट केलेलं तेल, पाटाऐवजी मुलांचं प्लॅस्टिकचं स्टूल, सगळं साग्रसंगीत. मुलं पहिल्या मजल्यावर दंगा करत न्हात होती, खाली बायको चकल्यांची तेलकट भांडी गरम पाण्याखाली विसळत होती, आणि सगळ्यांना तेल लावून झाल्यावर आई सर्वात शेवटी माळ्यावर अंघोळीला गेली. खाली येऊन तिने ओवाळायला घेतलं. कुंकू लावताना तिची बोटं माझ्या कपाळाला लागली. बर्फ!

"आई, गार पाण्याने अंघोळ केलीस का?"

"छे रे. चांगलं होतं पाणी."

मीही पुढे विचारलं नाही. फराळ समोर होता.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी घरून काम करत होतो. दुपारी वाय-फाय गंडलं म्हणून माळ्यावर गेलो, तर न्हाणीघराचं दार उघडं आणि नळाखाली बादली. हो, आमच्याकडे बादली आहे. पंधरा लिटरची, निळी, आणि तिच्यात तरंगणारा मग. आईला शॉवर आवडत नाही, डोक्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं म्हणे. नळ अगदी बारीक सोडलेला, करंगळीएवढी धार. सहज हात घातला. पाणी थंडगार.

"अगं, हे गार आहे!"

"दुपारी नाही ना तापवत तुमच्याकडे," आई म्हणाली. "आपल्याकडे नाही का, ढगाळ असलं की सोलरला पाणी येत नाही."

"किती दिवस असं चाललंय?"

"आल्यापासूनच. त्यात काय एवढं? मला सवय आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

यावर ती जे म्हणाली ते मी अजून विसरलेलो नाही. अगदी सहज म्हणाली, "पाहुण्यांनी घराला नावं ठेवू नयेत."

असो.

तर, पाणी गार का येत होतं? रात्री बॉयलरचं माहितीपुस्तक उघडलं (सोळा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी उघडलं असावं). कॉम्बी बॉयलर म्हणजे एकाच पेटीत दोन कामं: एक, रेडिएटरमधलं पाणी तापवून घर गरम ठेवणं आणि दोन, नळाचं पाणी लागेल तेव्हा तिथल्या तिथे तापवणं. टाकी नाही, साठवण नाही. तुम्ही गरम नळ सोडला की आतल्या सेन्सरला पाणी वाहू लागल्याचं कळतं, ज्योत पेटते, आणि पत्र्यांच्या चवडीसारख्या एका हीट एक्स्चेंजरमधून जाता जाता पाणी तापतं. पण त्या सेन्सरला दखल घेण्यापुरतं पाणी तरी वाहायला हवं. बहुतेक बॉयलरना मिनिटाला दोन लिटरच्या आसपास लागतं. त्याहून बारीक धार असली तर बॉयलरच्या लेखी नळ बंदच. तो पेटतच नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरी नळाला पाणी सकाळी तासभर. आईने आयुष्यभर नळ बारीकच सोडला. म्हणजे जी बाई पाण्याचा थेंब वाया घालवत नाही, तिलाच आमचं यंत्र गरम पाणी देत नव्हतं. माझ्यासारखा भसाभस नळ सोडणारा खूश! बगच म्हणायचा, पण यंत्रात नव्हता. कोण वापरणार आहे हे कुणी विचारलंच नव्हतं, तिथे होता.

मी आईला नळ पूर्ण सोडायला सांगितलं. 'बरं' म्हणाली. दोन दिवस सोडला, मग परत करंगळी.

आणि जानेवारीत बॉयलरने मान टाकली. पंखा गेला होता. आलेल्या कारागिराने तो बदलला, हीट एक्स्चेंजरवर बॅटरी मारली, तोंडाने 'चक् चक्' केलं आणि निकाल दिला: "हा हिवाळा काढेल. पुढचा नाही." ऐन थंडीत घाई करून बॉयलर घेण्यापेक्षा उन्हाळ्याआधी नीट विचार करून घ्यायचा असं ठरवलं. तुम्हालाही हाच सल्ला. जानेवारीत थंडीने कुडकुडत कोटेशन घेणारा माणूस घासाघीस करू शकत नाही.

तिघांना बोलावलं. पहिला सात मिनिटं थांबला. "जुना २४ चा होता ना? तसाच नवा लावतो." दुसरा पक्का सेल्समन. "तीन मजले? दोन बाथरूम? ४२ किलोवॅट घ्या, परत काळजीच नको." तिसरा वयस्कर. त्याने न सांगता गॅस सेफचं ओळखपत्र काढून दाखवलं. २००९ पासून इथे गॅसचं काम करणाऱ्याला ही नोंदणी लागते, आणि कार्डाच्या मागच्या बाजूला त्याला नेमकी कोणती कामं करता येतात ते लिहिलेलं असतं. ते वाचायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्याने विचारलं, "घरात किती माणसं? अंघोळी किती वाजता? आणि बादली आहे का?"

बादली आहे का! मी जवळजवळ त्याच्या गळ्यात पडणार होतो.

आता जरा आकडेमोड. घाबरू नका, आठवीचं विज्ञान आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. हिवाळ्यात इथे नळाला येणारं पाणी सात अंशांच्या आसपास, आणि अंघोळीला हवं बेचाळीस. म्हणजे पस्तीस अंशांची चढण. मिनिटाला एक लिटर पाणी पस्तीस अंशांनी चढवायला साधारण अडीच किलोवॅट. बस्स, एवढं एकच सूत्र लक्षात ठेवा. २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला जेमतेम दहा लिटर देणार, ३० चा बारा, ३५ चा चौदा आणि ४२ चा सतरा. जाहिरातीत कुणी जास्त आकडा सांगितला तर तो किती अंशांच्या चढणीचा आहे ते आधी विचारा.

आमची मागणी किती? एक बरा शॉवर आठ लिटर, स्वयंपाकघरातला नळ सहा-सात. म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे दोन बाथरूम आणि एक सिंक मिळून बावीस-तेवीस लिटर मागत होते आणि बॉयलर देत होता दहा. कुणाच्या तरी वाट्याला गार पाणी येणारच होतं. पण ते माळ्यावरच का? पाणीसुद्धा सोपा रस्ता शोधतं. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब कमी होतो. माळ्यावरचा नळ स्वयंपाकघराहून साडेसहा-सात मीटर उंच. खालच्या मजल्यांवरचे नळ उघडे असले की वर पोचेपर्यंत दाबात दम उरत नाही. शेवटचा नळ नेहमी हरतो.

म्हणजे ४२ चा बॉयलर घ्यायचा, झालं! असं मलाही वाटलं. तिसरा गृहस्थ म्हणाला, "आधी गार पाणी मोजा. बॉयलर पाणी तापवतो, निर्माण करत नाही."

तर एका रविवारी लोड टेस्ट केली. टीम अशी: बायको खाली स्वयंपाकघरात, मुलगी पहिल्या मजल्यावर, मुलगा जिन्यात निरोप्या, मी माळ्यावर बादली धरून आणि आई फोनचं स्टॉपवॉच घेऊन. फक्त गार नळ, पूर्ण सोडलेले.

स्वयंपाकघरात एकटा नळ: पंधरा लिटरची बादली ६४ सेकंदांत. म्हणजे मिनिटाला चौदा लिटर. माळ्यावर एकटा नळ: ९० सेकंद, दहा लिटर. आता माळ्यावर नळ चालू असताना खाली स्वयंपाकघरातला सोडला. आई ओरडली, "अरे, धार तुटली!" बादली भरायला चार मिनिटं लागली. पहिल्या मजल्यावरचाही सोडल्यावर तर माळ्यावर नुसती टिपटिप.

लक्षात घ्या, हे गार पाणी होतं. यात बॉयलरचा काडीचाही संबंध नाही. घरात मिनिटाला चौदाच लिटर येत होतं. त्यावर ४२ किलोवॅटचा बॉयलर बसवणं म्हणजे डायल-अपच्या लाइनवर सर्व्हर अपग्रेड करण्यासारखं. आणि ज्याला त्याला भुरळ घालणारा तो प्रेशरचा काटा? नळ बंद असताना तो तीन बार दाखवत होता! पण बंद नळाचा दाब हा बाजीरावासारखा, ऐटीत बसलेला. पाणी वाहायला लागल्यावर किती उरतो ते खरं. इथल्या नियमाप्रमाणे पाणी कंपनीने रस्त्यालगतच्या पाइपात किमान सात मीटरचा दाब द्यायला हवा. सात मीटर म्हणजे जेमतेम आमच्या माळ्याची उंची. तेव्हा 'कंपनी नियमाप्रमाणे देते' एवढ्यावर तीन मजल्यांच्या घरात समाधान मानू नये.

मग लक्ष गेलं रस्त्यापासून घरात येणाऱ्या पाइपकडे. जिन्याखाली वाकून पाहिलं तर मऊ, राखाडी, नाण्याने खरवडलं की चकाकणारा. शिसं! १९७० च्या आधीच्या घरांत असा पाइप अजून सापडतो. शिसं प्यायच्या पाण्यात नको हे तर आहेच, वर आमच्या त्या पाइपाची पोकळी अर्ध्या इंचाची. पाणी कंपनीने रस्त्याकडचा त्यांचा भाग बदलला, आमच्या हद्दीतला सात मीटरचा भाग आम्ही बदलून घेतला. अंगण न खणता जमिनीखालून भोक पाडत नेणारं एक यंत्र असतं, त्याने अर्ध्या दिवसात २५ मिलिमीटरचा निळा प्लॅस्टिकचा पाइप आत आला. खर्च चौदाशे पौंड. पुन्हा बादली. स्वयंपाकघर पंचवीस लिटर. माळा एकटा सतरा, आणि खालचा नळ सोडूनही बारा.

बॉयलर अजून जुनाच होता, आणि निम्मा प्रश्न सुटला होता.

आता खरी निवड. कॉम्बी घ्यायचा, की साधा बॉयलर आणि शेजारी गरम पाण्याची मोठी टाकी? इथे या टाकीला सिलिंडर म्हणतात. आईला ते ऐकून वाटलं की घरात गॅसचा सिलिंडर येणार, आणि तिने दोन मिनिटं रेग्युलेटर बंद करण्यावर माझं बौद्धिक घेतलं. मग मी तिला टाकीचं चित्र दाखवलं. खालून गार पाणी आत येतं, ते वरचं गरम पाणी ढकलून बाहेर काढतं.

"हा तर आपला बंब!" आई म्हणाली.

खरंच की! साताऱ्याच्या घरी तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आधी चिंच लावून घासलेला, पोटात निखारे, मागे चुलीचा धूर. त्यात वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी यायचं. ओतल्याशिवाय काही मिळायचं नाही. प्रत्येकाने आपण घेतलं तेवढं गार पाणी ओतायचं, म्हणजे पुढच्याचं तापत राहायचं. टाकी म्हणजे बंब आणि कॉम्बी म्हणजे गॅसचा गिझर. आपल्या भाषेत सांगायचं तर एक कॅश आणि दुसरा ऑन-डिमांड. कॅश भरलेली असेल तर एकाच वेळी चार जणांना भरपूर मिळतं, पण संपली की पुन्हा भरेपर्यंत बसा. ऑन-डिमांड कधी संपत नाही, पाठोपाठ दहा जण अंघोळ करा. पण एका वेळी एकाचं, फार तर दोघांचं.

कुणी 'कॉम्बीच घ्या' किंवा 'टाकीच घ्या' असं छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आधी लॉग ठेवा. आम्ही फ्रिजवर कागद लावला आणि दोन आठवडे प्रत्येकाने गरम नळ सोडला की वेळ लिहायची असं ठरवलं. मुलांनी त्यात डायनोसॉर काढले, पण चित्र स्पष्ट झालं. दोन शॉवर एकाच वेळी: चौदा दिवसांत तीनदा. तीनही ठिकाणी एकदम: एकदा, रविवारी. स्वयंपाकघर आणि माळा एकाच वेळी: जवळजवळ रोज, सकाळी सात ते सव्वासात. म्हणजे भांडण दोन शॉवरचं नव्हतंच. सिंक आणि आई यांचं होतं. भांडी घासायचं आणि कपडे धुवायचं मशीन दोन्ही इथे गार पाणीच घेतात, त्यामुळे ती यादीतच नव्हती.

टाकीच्या बाजूने मुद्दे जबरदस्त होते. बॉयलर बंद पडला तरी टाकीत विजेचा हीटर असतो, अंघोळ अडत नाही. कॉम्बी गेला की घरही गार आणि पाणीही गार. शिवाय उद्या हीट पंप बसवायचा तर टाकी लागणारच. हीट पंपाला इथे २०२३ च्या ऑक्टोबरपासून साडेसात हजार पौंडांचं सरकारी अनुदान आहे, आणि तो पर्याय आम्ही तपासलाही. पण मागचं आमचं अंगण म्हणजे दोन सायकली आणि एक तुळस (हिवाळ्यात तीही घरात). जागा अडली, आणि टाकी ठेवायची तर पहिल्या मजल्यावरचं एकमेव कपाट जात होतं. उलट बाजूला टाकी दिवसभर उभ्याउभ्या थोडी थोडी उष्णता गमावत बसते, कुणी अंघोळ करो न करो. तुमच्या घरात रोज सकाळी दोन-तीन शॉवर एकदम चालत असतील, तर हा सगळा खर्च सोसून टाकीच घ्या. आमचा लॉग तसं म्हणत नव्हता.

आम्ही ३५ किलोवॅटचा कॉम्बी घेतला. चौदा लिटर. आणि त्या सिंकच्या गरम नळाला चार लिटरचा प्रवाह-नियंत्रक बसवला. चिल्लर किमतीची, बोटाच्या पेराएवढी वस्तू. रेट लिमिटिंग हो, दुसरं काय! दोन्ही शॉवरना सातचा. आता हिशेब बघा: माळा सात, सिंक चार, अकरा. दोन शॉवर चौदा. तिन्ही एकदम लागले तरच कमी पडेल, आणि पडलं तरी थोडंच. ४२ चा घेतला असता तर गॅसचा पाइप मीटरपासून जाड करावा लागला असता, आणि वर्षातून चार सकाळींसाठी एवढा मोठा हत्ती पोसायचा कशाला?

हत्तीवरून आठवलं. ३५ हा आकडा फक्त पाण्यासाठी. खोली-खोलीचा हिशेब केला तेव्हा कडाक्याच्या थंडीत आमचं पूर्ण घर गरम ठेवायला आठ किलोवॅट पुरतात असं निघालं. साध्या दिवशी तीन-चार. म्हणून बॉयलर घेताना तो किती वर जातो याइतकंच, किती खाली उतरू शकतो तेही बघा. खाली न उतरणारा बॉयलर दिवसभर पेट-विझ, पेट-विझ करत बसतो आणि लवकर म्हातारा होतो. आणखी एक: रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच बॉयलर धुरातली वाफ गोठवून तिची उष्णता वसूल करतो. बसवणारे बरेचदा ७५-८० वर ठेवून जातात. आम्ही ५५ वर आणलंय, बाहेरच्या भिंतीवर तापमानाचा सेन्सर लावलाय, आणि घर छान उबदार राहतं. पुढेमागे हीट पंप आला तर रेडिएटर तरी तयार आहेत.

शेवटचा निर्णय, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा, जागेचा. जुना बॉयलर स्वयंपाकघरात, माळ्यापर्यंत २२ मिलिमीटरचा सोळा मीटर पाइप. त्यात पाच लिटर गार पाणी मुरलेलं. गरम नळ सोडल्यावर ते सगळं वाहून गेल्याशिवाय गरम येणार कसं? जवळजवळ मिनिटभर थांबा, आणि तेवढं पाणी वाया. आई ते वाया घालवणं शक्यच नव्हतं, ती ते बादलीत धरायची! नवा बॉयलर पहिल्या मजल्यावरच्या कपाटात, मागच्या भिंतीला लावला. माळ्यापर्यंत १५ मिलिमीटरचा सात मीटर पाइप, पोटात फक्त एक लिटर. दहा सेकंदांत गरम. बॉयलरमधून ठिबकणाऱ्या पाण्याची नळीही आता घरातूनच सांडपाण्यात जाते. २०१० च्या डिसेंबरात या नळ्या बाहेर गोठून देशभर बॉयलर बंद पडले होते, ती कटकट मिटली. आणि थेम्सच्या खोऱ्यातलं पाणी क्षाराचं, केटलमध्ये बघा कसा पांढरा थर बसतो. तोच थर हीट एक्स्चेंजरमध्ये बसू नये म्हणून नळाच्या पाण्याचं तापमान ४८ वर ठेवलंय.

बॉयलर बाथरूमच्या शेजारी येणार म्हटल्यावर आई घाबरली. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, तिची भीती खोटी नव्हती. मी तिला दुहेरी नळकांडं दाखवलं. याची पेटी बंद असते, हवाही बाहेरून घेतो आणि धूरही बाहेर सोडतो, खोलीतल्या हवेला हात लावत नाही. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, तो २०२२ पासून इथे नव्या बॉयलरबरोबर सक्तीचाच आहे. तिने ते सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि बारीक धारेवर पेटतो का?"

तो प्रश्न मी आधीच विचारून ठेवला होता. तिन्ही कोटेशनमधल्या बॉयलरचे तक्ते काढून 'किमान प्रवाह' ही एक ओळ शोधली होती. विकणाऱ्यांपैकी दोघांना ती ओळ तक्त्यात असते हेच माहीत नव्हतं. आमचा दीड लिटरला पेटतो. आईची करंगळी मी बादलीने मोजली आहे. पावणेदोन!

२०२५ च्या दिवाळीला आई परत आली. नरकचतुर्दशीला पहाटे तीच धांदल, तेच स्टूल, तेच उटणं. ती परत सगळ्यांत शेवटी अंघोळीला वर गेली. मी जिन्यात उभा राहून खाली हात केला. बायकोने सिंकचा नळ सोडला, मुलांचा शॉवर चालूच होता. लोड टेस्ट. वरून बराच वेळ काही आवाज नाही. माझा जीव वरखाली.

मग दार किलकिलं झालं आणि आई चक्क वैतागून ओरडली, "अरे, पाणी केवढं कढत आहे! विसण कुठून घालू?"

सहा वर्षांत माझ्या घराला तिने ठेवलेलं हे पहिलं नाव.

गार नळ डावीकडे आहे असं सांगितलं, आणि चहा टाकायला खाली गेलो.